टूलरूमचं एकच लॉगिन

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर किती आहेत, हे बारा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. बंद पडला की फोन यायचा; चालू असेपर्यंत मी कुणाच्या खिजगणतीत नसायचे. चाकणच्या पट्ट्यात आमच्यासारख्या कंपन्या पायलीच्या पन्नास आहेत. मोठ्या गाडीवाल्यांना पत्र्याचे भाग बनवून द्यायचे, त्यांनी दिलेली तारीख पाळायची, नाही पाळली की बोलणी खायची. आमचं आयटी डिपार्टमेंट म्हणजे पहिल्या मजल्यावरची बिनखिडकीची एक खोली, तीत मी, आणि ठेकेदाराचा एक माणूस, जो काम शिकला रे शिकला की दुसरीकडे नोकरी धरतो. वय माझं शेहेचाळीस. नव्या गोष्टीचा उत्साह वाटावा असं आता फारसं काही उरलेलं नाही.

मग एका गिऱ्हाईक कंपनीचं पत्र आलं. तुमच्या नेटवर्कला काय काय जोडलेलं आहे, कशावर कुठलं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं लायसन्स आहे का, याची पूर्ण यादी पाठवा. प्लांट हेडनी मला बोलावलं.

"मॅडम, किती मशीन आहेत आपल्याकडे?"

"दोनशेच्या आसपास असतील सर."

"आसपास म्हणजे?"

आसपास म्हणजे आसपास. माझ्याकडे एक्सेलची एक फाइल होती. ती भरणारा शेवटचा माणूस कधीच हिंजवडीला निघून गेला होता, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं ती फाइल पुढच्याच्या हवाली करण्यापलीकडे तिला हात लावला नव्हता. त्यात मीही आले. हे मी प्लांट हेडना सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

हेड ऑफिसनं मग एक सॉफ्टवेअर घेतलं. ते आपणहून नेटवर्कभर फिरतं, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तू कोण, तुझ्यावर काय काय बसवलंय, तुला कोण वापरतं, असं विचारतं आणि यादी करतं. जनगणनेला घरोघरी फिरणाऱ्या मास्तरांसारखंच, फक्त हा मास्तर दार वाजवत नाही, किल्लीनं उघडून आत शिरतो. त्या किल्ल्या त्याला माझ्याकडून मिळायच्या होत्या. कुठल्या गल्लीत जायचं, कुठल्या वेळेला जायचं, कुणाच्या दाराशी अजिबात जायचं नाही, हे सगळं मी ठरवून द्यायचं. विक्रेत्याचा माणूस फोनवर म्हणाला, दोन दिवसांचं काम आहे मॅडम. मला तीन आठवडे लागले.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. ऑफिसचा पट्टा वेगळा, शॉप फ्लोअरचा वेगळा, गेटचा वेगळा, कॅमेऱ्यांचा वेगळा. हे पट्टे कधीकाळी कुणीतरी आखले होते, आणि आखणाऱ्यानं कागद बहुतेक सोबतच नेला होता. मी सकाळी सातला संत तुकाराम नगरातून कंपनीची बस पकडायची. आमच्या दाराशी मेट्रो आली तेव्हा शेजारच्या वहिनींनी पेढे वाटले होते, पण मेट्रो काही चाकणला जात नाही. मोशीला बस अडकली की मी डोळे मिटायचे, आणि उघडायचे तेव्हा अजून मोशीच असायची. कंपनीत पोहोचेपर्यंत अर्धा दिवस झाल्यासारखा शिणवटा आलेला असायचा. मग त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून आकडे भरायचे, पासवर्ड भरायचे, चौकोनांत टिक करत बसायचं.

पहिल्याच फेरीत कॅन्टीनचं टोकन मशीन गेलं. ते इतकं जुनं होतं की एवढे प्रश्न कुणी एकदम विचारले की त्याला भोवळच यायची. दुपारचे साडेबारा वाजलेले, सकाळच्या पाळीची माणसं ताटं घेऊन रांगेत, आणि मशीन मुकं. जेवण तयार होतं, पण टोकनाशिवाय वाढायचं नाही असा नियम होता, आणि नियम मोडायचा अधिकार असलेले साहेब पुण्याला गेलेले. शेवटी कॅन्टीनवाल्यानं वहीत अंगठे आणि सह्या घेऊन जेवायला वाढलं. आठवडाभर मी कॅन्टीनमध्ये शिरले की कुणीतरी हटकून विचारायचं, "मॅडम, आज उपास नाही ना?" मी ते मशीन वगळायच्या यादीत टाकलं, आणि त्यानंतर फेऱ्या संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला लावल्या.

हळूहळू कंपनीच्या पोटात काय काय दडलंय ते बाहेर यायला लागलं. कागदोपत्री भंगारात गेलेले दोन प्रिंटर डिस्पॅचमध्ये ठणठणीत छापत होते. एचआरच्या एका कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर होतं, अकाउंट्समध्ये कुंडली मांडायचं. गेटवर पत्त्यांचे तीन तऱ्हेचे खेळ सापडले. मला हसू यायचं आणि कंटाळाही यायचा, कारण सापडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक रकाना होता, त्यात मला काहीतरी भरावं लागायचं.

त्या सॉफ्टवेअरला आणखी एक सोय होती. महागडं सॉफ्टवेअर कोण किती तास वापरतं, ते मोजायचं. ती चालू करायची की नाही, यासाठी एक चौकोन होता. मी टिक केली. विचार करून केली असं म्हणवत नाही. त्या दिवशी सकाळपासून असे दोनशे चौकोन टिक केले होते, त्यातला हा एक. आणि दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी सहा वाजता, सगळा रिपोर्ट आपोआप प्लांट हेडना आणि हेड ऑफिसला जाईल अशीही व्यवस्था करून टाकली. "मॅडम, रिपोर्ट?" हे दोन शब्द ऐकायचा मला मनस्वी कंटाळा आला होता.

पहिला रिपोर्ट गेला आणि प्लांट हेडनी वर बोलावलं. त्यांची केबिन माझ्या खोलीच्याही वर, दुसऱ्या मजल्यावर.

"हे बघा," त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "डिझाइनच्या सॉफ्टवेअरची चार लायसन्स आहेत टूलरूमला. तीन कुणी उघडलेलीच नाहीत. आणि चौथं ज्याच्या नावावर आहे, तो गृहस्थ सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत काम करतोय. रविवारीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला ना हा? शाल-श्रीफळ मीच दिलं होतं की त्याला."

 ती भानगड माझीच होती.

टूलरूम म्हणजे तळमजल्यावरची लांब खोली, जिथे पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसचे साचे बनतात आणि दुरुस्त होतात. साच्याला तिथे डाय म्हणतात. तिथे तीन डिझाइनर. दोघं तिशीतले: एक राजगुरुनगरकडचा, बोलायला तिखट, दुसरा मितभाषी, सगळ्याला मान डोलावणारा. आणि तिसरे मामा. ते कुणाचेही मामा नव्हते आणि सगळ्यांचेच होते. लातूरकडून तरुणपणी इकडे आले, भोसरीच्या वर्कशॉपांतून शिकत शिकत डिझाइनला पोहोचले. आता पंचावन्नचे. या तिघांवर एक इनचार्ज होते, ते रिटायर झाले. त्या दिवशी त्यांचं लॉगिन बंद करणं हे माझं काम होतं आणि ते करायला मी खाली गेलेही होते. पण त्यांच्या लॉगिनमध्ये गेल्या वीस वर्षांची ड्रॉइंग होती, सगळी मापं, सगळ्या गिऱ्हाइकांचे नमुने. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं डकवलेला. राजगुरुनगरवाला म्हणाला, "मॅडम, ऱ्हाऊ द्या की. आमी तिघं ह्याच्यावरच करतो, सगळं सेटिंग ह्याच्यातच हाय." मला घरी जायची घाई होती. राहू दिलं. बंद केलं म्हणून फाइलीत टिक मात्र केली.

प्लांट हेडनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि हे मामा. मोजायला लागल्यापासून शून्य तास. हे नेमकं करतात काय दिवसभर? शुक्रवारी हेड ऑफिसबरोबर माणसांची मीटिंग आहे. टूलरूममधून एक कमी करा म्हणतायत. हा आकडा बघितल्यावर मी तरी काय बोलणार?"

मामांना मी पहिल्या महिन्यापासून ओळखत होते. नवी असताना शॉप फ्लोअरवर केबल शोधत भटकत होते तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं की प्रेसच्या या बाजूनं नाही, त्या बाजूनं चालायचं. माझ्या डब्याची तुटलेली कडी त्यांनी पितळेच्या तुकड्यानं अशी बसवून दिली की डबा गेला तरी कडी राहील. त्यांची धाकटी मुलगी ताथवड्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करते. तिच्या प्रोजेक्टच्या अडचणी मामा डबा खाताना मला विचारायचे, कागदावर लिहून आणलेल्या, आणि मी सांगितलेलं पाठ करून घरी न्यायचे. तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. मामांना आणखी फक्त एक वर्ष नोकरी टिकायला हवी होती, मग मुलगी कुठेतरी लागली असती. हे त्यांनी मला कितीदा तरी बोलून दाखवलं होतं.

दोन दिवस बसमध्ये मी एकच विचार करत होते. खरं सांगितलं तर मला मेमो मिळणार, बंद केलं म्हणून टिक केलेलं लॉगिन दोन वर्षं उघडं ठेवलं म्हणून. नाही सांगितलं तर मामा जाणार, तेही माझ्या आळसापायी आलेल्या खोट्या आकड्यावर. बुधवारी सकाळी मी सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले आणि सगळं सांगितलं. ते तिघंही एकाच लॉगिनवर काम करतात, मामांचा शून्य हा शून्य नाही, आकडा चुकीचा आहे आणि चूक माझी आहे.

प्लांट हेड बोलले बरंच. मेमोही दिला. पण माणूस तसा न्यायाचा होता. त्यांनी शुक्रवारी हेड ऑफिसला कळवलं की टूलरूमचा आकडा धरू नका, दुरुस्त करून पाठवतो. आणि मला सांगितलं, सोमवारपासून तिघांची लॉगिनं वेगळी झाली पाहिजेत. त्या शुक्रवारी घरी जाताना मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं केलंस. नाहीतर कोण कुणासाठी मेमो घेतं?" मलाही मनातून तसंच वाटत होतं. आपण मामांना वाचवलं, या आनंदात मी रविवारी पुरणपोळ्या केल्या, सण ना वार.

सोमवारी टूलरूममध्ये गेले. तिघांना सांगितलं, आजपासून ज्याचं त्यानं. जुनी ड्रॉइंग सगळ्यांना दिसतील, मी सोय केली आहे. मला वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना. मितभाषी डिझाइनर मान खाली घालून उभा राहिला. त्यानं त्या दिवशी मानही डोलावली नाही. राजगुरुनगरवाला तिरसटून म्हणाला, "कशाला उगा उठाठेव मॅडम? चाललं व्हतं ते चाललं व्हतं."

"अहो, तुमच्याच भल्याचं आहे," मी म्हणाले. "हेड ऑफिसला मामांचे तास शून्य दिसत होते. नोकरी जायची वेळ आली होती. आता ज्याचं काम त्याच्या नावावर लागेल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मामांकडे बघितलं. मामा हसले, म्हणाले, "असू दे रे. ताई म्हनायल्यात तसं करू." पासवर्ड काय ठेवायचा विचारल्यावर त्यांनी मुलीचं नाव सांगितलं, पण स्वतः टाइप केलं नाही. मितभाषी डिझाइनरला म्हणाले, "तूच टाक रे." मला वाटलं, वयस्कर पुरुषांची ही सवयच असते, बारीकसारीक कामं दुसऱ्याला सांगायची. मॉनिटरच्या कडेची चिकटपट्टी मी स्वतः सोलून काढली आणि कागद फाडून टाकला.

पुढच्या एक तारखेला मी बसस्टॉपवर उभी होते. फोन काढून बघितला, रिपोर्ट आलेला होता. आपणहून, सहा वाजता, मी लावून दिला होता तसा. मी तो उघडला ते मामांचा आकडा बघून खूश व्हायला. राजगुरुनगरवाल्याचे तास भरभक्कम होते. मितभाषी डिझाइनरचे त्याहून जास्त. दोघंही रोज दोन-दोन तास जादा थांबत होते. मामांचे संपूर्ण महिन्याचे चार तास.

बस आली, मी चढले, जागा मिळाली, तरी मी उभीच राहिले. माझ्याआधी तो रिपोर्ट दुसऱ्या दोन ठिकाणी पोहोचलेला होता आणि तो परत बोलावता येत नव्हता. वाटलं, सॉफ्टवेअरच चुकलं असेल. काहीतरी सेटिंग राहिलं असेल माझं. मोशी कधी आली आणि गेली, कळलं नाही.

कंपनीत उतरले ती वर न जाता थेट टूलरूममध्ये गेले. मामा आलेले नव्हते. राजगुरुनगरवाला एकटाच होता. मी फोन त्याच्यापुढे धरला.

"हे चूक आहे ना?"

"न्हाई," तो म्हणाला. "बराबर हाय."

मग त्यानं सांगितलं. मामांना साखरेचा आजार. तीन वर्षांपासून डोळ्याच्या आत रक्त उतरतंय. दोनदा लेझर करून झालं. चालता येतं, माणूस ओळखू येतो, पण स्क्रीनवरची बारीक रेघ दिसत नाही. जुन्या इनचार्जना ठाऊक होतं. त्यांनीच सगळ्यांना आपल्या लॉगिनवर आणलं, म्हणजे कुणी किती केलं ते वेगळं दिसू नये. मामांच्या वाटची ड्रॉइंग हे दोघं करायचे.

"फुकट न्हाई करत आमी," तो चिडून म्हणाला. "बगायचं का मामा काय करतेत ते?"

मामा तेवढ्यात आले. त्यानं त्यांना काही सांगितलं नाही, फक्त टेबलावरच्या एका डायकडे नेलं. प्रेसवर काल त्या डायमधून निघालेला पत्रा फाटत होता. मशीननं मापून झालं होतं. मशीन म्हणत होतं, सगळं बरोबर. मामांनी बाही वर केली, डायच्या कडेवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. एकदा, मग उलट्या बाजूनं एकदा. डोळे मिटलेले होते. मग नखानं एक जागा दाखवली. "हितं चढ हाय. केसाएवढा. हितनं पत्रा अडायलाय." राजगुरुनगरवाल्यानं तिथे खडूनं खूण केली, मामांनी सांगितलं तेवढं ड्रॉइंगमध्ये बदललं, स्वतःच्या नव्या लॉगिनमधून, आणि ते काम त्याच्या नावावर लागलं.

"दिवसाला अशी चार-पाच," तो मला म्हणाला. "आमाला धा वर्षात यायचं न्हाई हे. झाकली मूठ व्हती मॅडम. तुमी उघडलीत."

मी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले.  प्लांट हेडपुढे रिपोर्ट उघडाच होता. मी त्यांना डोळ्यांचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, फाटणाऱ्या पत्र्याचं सांगितलं, खडूच्या खुणेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "गेल्या महिन्यात तुम्हीच आलात, म्हणालात आकडा चुकीचा आहे. मी हेड ऑफिसशी भांडलो, दुरुस्त करून पाठवतो म्हणून शब्द दिला. आता दुरुस्त आकडा आलाय, तर हाही धरू नका म्हणता?"

"आकडा बरोबर आहे सर. पण काम आकड्यात येत नाही."

"मग कशात येतं? त्यांचं पद डिझाइनर आहे. पद डिझाइनर आणि दिसत नाही, हे मला आता कळलंय, आणि कळल्यावर मी गप्प बसलो तर उद्या काही झालं तर जबाबदार मी." त्यांनी स्क्रीन बाजूला फिरवली. "तुम्ही पहिल्यांदा काही बोलला नसतात, तर मी तो शून्य कसातरी ओढूनताणून बसवला असता. एकच लॉगिन वापरतात हे मलाही माहीत होतं. इथे कुणाला माहीत नाही?"

 मेमो पत्करून मी त्यांना जे सांगायला गेले होते, ते त्यांना ठाऊकच होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवून ते शुक्रवारपर्यंत काहीतरी वाट काढणार होते. मी मात्र सगळं लेखी करायला भाग पाडलं.

मामांना मेडिकलला पाठवलं. डॉक्टरांनी जे दिसलं ते लिहिलं. दुसरं पद देता येईल का, म्हणून एचआरनं शोधलं. बोटांनी डाय तपासणारा माणूस, असं पद कंपनीत नव्हतं. मीही धडपड केली. हेड ऑफिसला मेल लिहिले, फोनवर त्यांच्याशी बोलताना आवाज चढवला, जो मी बारा वर्षांत कधी चढवला नव्हता. तिकडून उत्तर आलं की भावना समजतात. तास मोजायची ती टिक मी एका दुपारी रागानं काढून टाकली. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसमधून फोन आला, रिपोर्टमध्ये एक रकाना रिकामा येतोय, बघा जरा. मी ती परत लावली. नोकरी मलाही हवी होती, आणि खरं सांगायचं तर भांडायचं बळ एका दिवसापुरतंच होतं.

महिनाअखेरीला मामांचा शेवटचा दिवस होता. मुलीची परीक्षा व्हायला अजून आठ महिने होते. टूलरूममध्ये समोसे आणि चहा होता. मी गेले तेव्हा राजगुरुनगरवाला बाहेर निघून गेला. मितभाषी डिझाइनरनं मला चहा दिला, पण माझ्याकडे न बघता. मामा त्यांच्या नेहमीच्या टेबलापाशी बसले होते. मला बसायला सांगितलं, स्वतःच्या शेजारचं स्टूल हातानं पुसून दिलं. भोसरीला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बोलणं झालंय, म्हणाले. पगार निम्मा, पण डाय बघायचंच काम. पोरीनं कॉलेज सोडते म्हटलं होतं, तिला दम दिलाय.

मी माफी मागितली. तयारी करून गेले होते तसं काही बोलता आलं नाही. चुकलं मामा, एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

"न्हाई न्हाई," ते म्हणाले. "मला राग न्हाई बगा. माज्यासाठी तुमी मेमो घेतला. सख्ख्या भावानं घेतला नसता." त्यांनी कपातला चहा संपवला, कप चाचपडत टेबलाच्या कडेपासून आत सरकवून ठेवला. "पर ताई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"वर साहेबाकडं जायच्या आधी एकदा खाली येऊन मला इचारावं, असं वाटलं न्हाई व्हय तुमाला?"

सांगण्यासारखं बरंच होतं. मीटिंग तोंडावर आली होती, मला त्यांना घाबरवायचं नव्हतं, मला वाटलं होतं की सगळं मार्गी लागल्यावरच सांगावं. माझ्या खोलीपासून टूलरूमपर्यंत एक जिना आहे. उतरायला मिनिटभर लागतं. त्या दोन दिवसांत मी त्यांच्याबद्दल किती विचार केला होता, आणि तो सगळा बसमध्ये बसून केला होता.

"नाही वाटलं, मामा," मी म्हणाले.

ते "बरं" म्हणाले आणि समोशाची बशी माझ्याकडे सरकवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांना दिसलं नसावं.